चौसष्टाव्या वर्षी फ्रीकॅड : हँडव्हील एकदाचं झालं

फ्रीकॅड म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तूचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर. त्यात लेथच्या हँडव्हीलचा, म्हणजे हातानं फिरवायच्या चाकाचा, पॅटर्न करतोय; मागच्या वेळी रिमपर्यंत, म्हणजे बाहेरच्या कड्यापर्यंत, येऊन थांबलो होतो. गेल्या मंगळवारी ते चाक बिडाचं (कास्ट आयर्नचं) होऊन हातात पडलं. मधल्या अडीच महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवतो, कारण विसरतो. परवा फिलेटचं, म्हणजे कोपरा गोल करायचं, बटण शोधायला दहा मिनिटं घालवली आणि ते नाकासमोर होतं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी ३८ वर्षं लाकडी पॅटर्न केले, म्हणजे ओतकामासाठी वाळूत साचा उठवायचे नमुने. सागवान, शिवण, रंधा, पटाशी, कानस. पंपाची केसिंग, पुल्या, उसाच्या चरकाचे भाग, ऑइल इंजिनची फ्लायव्हील. आता शिरोली घ्या नाहीतर गोकुळ शिरगाव, फौंड्रीवाले पहिल्यांदा 'फाइल पाठवा' म्हणतात आणि पॅटर्न व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशिनवर, रेझिन नाहीतर ॲल्युमिनियम कापून येतो. त्याबद्दल तक्रार नाही, काम सुबकच असतं. पण ही फाइल म्हणजे नक्की असतं तरी काय, ही खाज काही जाईना.

सुरुवात कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या, एका क्लासपासून केली होती. पैसे आगाऊ भरून घेतले. बाकी सगळी पोरं विशीतली, शिकवणारा पंचविशीतला. 'काका, एल दाबा, एंटर दाबा' असं अकरा दिवस चाललं. कमांड पाठ झाल्या. पण त्या कशासाठी दाबायच्या, हे विचारलं की 'पुढच्या मॉड्यूलला येतंय' असं उत्तर. बाराव्या दिवशी गेलो नाही. पुतण्यानं जुना लॅपटॉप दिला आणि त्यावर फ्रीकॅड टाकून दिलं. फुकट आहे, कुणाचं लायसन संपत नाही, आपल्याला तेवढं पुरे.

त्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. पुतण्यानं टाकलेली आवृत्ती जुनी होती आणि मी व्हिडिओ बघत होतो नव्या आवृत्तीचे. दाखवलेलं बटण माझ्याकडे सापडायचं नाही. पंधरा दिवस मला वाटत होतं की चष्म्याचा नंबर वाढला. १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तीच किंवा त्यापुढचीच घ्या. त्याआधीच्या आवृत्त्यांत सुरुवातीचं स्केच जरा बदललं की शेवटी दिलेलं फिलेट उडून भलत्याच कडेवर जाऊन बसायचं. १.० मध्ये हा त्रास बराच कमी केलाय. पूर्ण गेला असं समजू नका.

चष्म्यावरून आठवलं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यानं स्क्रीन बघताना हनुवटी वर करावी लागते आणि तासाभरात मान धरते. मी फक्त स्क्रीनच्या अंतराचा एक वेगळा चष्मा करून घेतला. टूलबारचे आयकॉन मोठे केले. माउसचं चाक दाबून धरून मॉडेल फिरवताना बोटाचा सांधा दुखायचा. सेटिंगमध्ये नेव्हिगेशनचे बरेच प्रकार आहेत, त्यातला 'जेश्चर' निवडला की डावं बटण धरून मॉडेल फिरतं आणि उजवं धरून सरकतं. आमच्या वयाच्या माणसानं पहिल्याच दिवशी एवढं करून घ्यावं. मला ते तिसऱ्या महिन्यात कळलं.

आता हँडव्हील. मेहुण्याच्या जुन्या लेथच्या टेलस्टॉकचं हे चाक एका आऱ्याजवळ तुटलं. त्या लेथचा कारखाना कधीच बंद पडलाय, सुटा भाग मिळत नाही. बाहेरचा व्यास १५०, रिमचा छेद गोल, १८ मिमीचा. तीन आरे. हबचा, म्हणजे मधल्या भागाचा, व्यास ४०, लांबी ३१, मधलं भोक १४ चं. लाकडात मी हे दोन दिवसांत केलं असतं, तेही रेडिओ ऐकत.

स्क्रीनवर आठवडा स्केचमध्येच गेला. लाकडावर आपण मध्यरेषा मारतो, कंपास ठेवतो, बाकीचं डोळा सांभाळतो. इथं डोळ्यानं काढलेलं वर्तुळ दिसायला वर्तुळ असतं, पण जाग्यावर नसतं. त्याला तीन सुट, म्हणजे हलायच्या मोकळिकी, असतात, केंद्राच्या दोन आणि त्रिज्येची एक. साध्या रेषेला चार, कारण टोकं दोन आणि प्रत्येक टोक दोन दिशांना सरकतं. एकेक बंधन घालत ही सुट संपवायची. सगळी संपली की स्केच हिरवं होतं. मी रिमचा व्यास बदलला आणि अख्खा आरा उडून हबच्या पलीकडे गेला, तेव्हा हे डोक्यात शिरलं. शिकंजा न आवळता फळीवर पटाशी मारली की फळी जाते ना, तसंच. तेव्हापासून हिरवं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही असा दंडक घातलाय. पाचवीतल्या पोरासारखा स्केच हिरवं होण्याची वाट बघतो.

एकदा स्केचची कड नीट लागली आहे का हे बघायला मी नकळत अंगठा फिरवला. नात शेजारी अभ्यास करत होती. म्हणाली, "आबा, टचस्क्रीन नाहीये तो." तिला काय सांगणार, मला टच नव्हे, कड बघायची होती.

मापांचा हिशेब असा लावला. रिम चारी बाजूंनी टर्न होणार, म्हणजे लेथवर कातली जाणार, म्हणून मशिनिंगला २ मिमी जादा. छेद १८ चा २२ झाला, बाहेरचा व्यास १५४. हबच्या दोन्ही तोंडांना अडीच-अडीच, म्हणजे ३१ चा ३६. भोक ड्रिलनंच पाडायचं, म्हणून हब भरीव, कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा तुकडा) नाही. ही सगळी मापं 'व्हारसेट'मध्ये नावं देऊन ठेवली, ही सोय १.० मध्येच आली. स्केचमध्ये आकडा लिहायच्या जागी नाव लिहायचं. उद्या मेहुणा म्हणाला रिम टर्न नको, नुसती घासून घेतो, तर एक आकडा बदलला की झालं. लाकडात याच वाक्यावर मी त्याच्याशी भांडलो असतो.

बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, मीटरला १० मिमी. स्टीलला त्याच्या दुप्पट धरतात. कारखान्यात यासाठी वेगळी पट्टी असायची, तिच्यावर लिहिलेलं १०० म्हणजे खरे १०१. मी उमेदवार असताना स्टीलच्या कास्टिंगसाठीची पट्टी घेऊन बिडाचा पॅटर्न केला होता. त्या दिवशी काय काय ऐकून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. फ्रीकॅडमध्ये पट्टी बदलायची गरज नाही. मॉडेल कच्च्या कास्टिंगच्या खऱ्या मापात करायचं आणि शेवटी त्याचा क्लोन, म्हणजे नक्कल, घेऊन तिन्ही दिशांना १.०१ चं स्केल द्यायचं. १५४ चे १५५.५४ झाले. फाइलच्या नावातच 'बीड १.०१' लिहून ठेवा. नाहीतर थ्रीडी प्रिंटरवर पॅटर्न छापणारा पोरगा चांगल्या मनानं स्लायसरमध्ये, म्हणजे छपाईची तयारी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पुन्हा १०१ टक्के करेल आणि पॅटर्न १५७ चा होईल. माझ्या बाबतीत हे छापायच्या आधी पाच मिनिटं लक्षात आलं.

आता लाज वाटणारा भाग. ड्राफ्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पॅटर्न वाळूतून वर ओढताना उभी भिंत वाळू फाडते, म्हणून भिंतीला जरा उतार द्यायचा. मी हबला दोन अंशाचा दिला. फ्रीकॅडमध्ये हे सोपं आहे. बाजू निवडायची, जिथं माप बदलायला नको ते प्रतल सांगायचं, ओढायची दिशा सांगायची, अंश टाकायचे. मी अख्खा ३६ मिमी हब एकदम उभा केला होता आणि न हलणारं प्रतल म्हणून त्याचं खालचं तोंड दिलं. स्क्रीनवर हब छान निमुळता झाला. मी खूश.

छापून आणला तो पार्टिंगवर, म्हणजे वाळूचा साचा जिथं दोन भागांत उघडतो त्या पातळीवर, दोन अर्धुकात. पहिला अर्धा हातात घेतला, ठीक होता. दुसरा घेतला, हबवरून अंगठा पार्टिंगकडून तोंडाकडे नेला आणि पोटात धस्स झालं. तोंडाकडे हब रुंद होत होता. उलटा ड्राफ्ट. पार्टिंग रिमच्या मध्यावर आहे, म्हणजे उतार मध्यापासून दोन्हीकडे हवा. मी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ दिला होता. फरक किती, तर १८ मिमीत बाजूला ०.६३. अंगठ्याला तो एका फेरीत कळला. स्क्रीनवर मी तेच मॉडेल दोन आठवडे उलटंसुलटं करून बघत होतो.

लाकडात ही चूक माझ्या हातून झाली नसती. शहाणपण म्हणून सांगत नाही. लाकडात अर्धा पॅटर्न पार्टिंगवरच पालथा ठेवून घडवतात, रंधा आपोआप बरोबर दिशेनं जातो. कुठून उतार द्यायचा हा प्रश्न मला ३८ वर्षांत कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. फ्रीकॅड विचारतं, आणि उत्तर चुकलं तरी गप्प बसतं.

मग सगळं मोडून पुन्हा केलं, या वेळी लाकडासारखंच. पार्टिंगचं प्रतल म्हणजे एक्सवाय. त्यावर फक्त वरचा अर्धा. रिमसाठी अर्ध्या वर्तुळाचं स्केच अक्षाभोवती फिरवलं, गोल छेदाला ड्राफ्ट मुळातच असतो. हब १८ उंच, न हलणारं प्रतल एक्सवाय. आरा एकच केला आणि 'पोलर पॅटर्न' या कमांडनं अक्षाभोवती नक्कल करून तीन केले. पहिल्यांदा आऱ्याचं टोक रिमला नुसतं टेकवलं होतं. रिम गोल आणि टोक सपाट, तेव्हा मधे बारीक फट राहिली. टोक रिमच्या आत दोन मिमी घुसवलं, मिटलं. फिलेट सगळ्यात शेवटी. आधी फिलेट देऊन मग ड्राफ्ट द्यायला गेलो की तो रुसतो. ५ चं फिलेट आऱ्याशी बसेना, ४ चं निमूट बसलं. का ते अजून नीट कळलेलं नाही. पूर्वी मेणाची पट्टी बोटानं दाबून बसवायचो, ती कधी नाही म्हणाली नव्हती. दुसरा अर्धा मिररनं.

डॉवेल पिनांची भोकं रिममध्ये, समोरासमोर नाहीत. मुद्दाम थोडी सरकवलेली, म्हणजे अर्धुकं चुकीच्या बाजूनं बसूच नयेत. पॅटर्न उपसायच्या स्क्रूसाठी हबमध्ये एम ६ चा नट बसवला. तो पार्टिंगच्या बाजूनं घातला तर ओढताना नटच हातात येणार, म्हणून षटकोनी खाच बाहेरच्या तोंडाकडून केली आणि वर पुट्टी भरली. हे सुचलं तेव्हा बरं वाटलं, ड्राफ्टचं दुःख जरा हलकं झालं.

छापताना पार्टिंगची सपाट बाजू खाली ठेवली, कुठंही आधार लागला नाही. पण थरांच्या रेषा राहतातच, आणि उभ्या बाजूवरची प्रत्येक रेष म्हणजे वाळूला धरायला पायरी. पुट्टी, पॉलिश पेपर, रंग, पुन्हा पेपर. या कामाला मला कुणाचा व्हिडिओ बघावा लागला नाही. दोन आऱ्यांच्या बगलेत मात्र कंटाळा केला.

फौंड्रीतले आमचे जुने मोल्डर पॅटर्न हातात घेऊन म्हणाले, "मेस्त्री, ठोकताना फुटंल की ह्यो."

"फुटला तर दुसरा छापतो."

"मग बरं हाय. लाकडाचा फुटला तवा आठ दिस बोलत नव्हतासा."

पार्टिंग पावडर मारली, वाळू ठोकली, बॉक्स उलटला, स्क्रू लावून दोनदा टकटक केलं आणि पॅटर्न वर आला. हब स्वच्छ. कंटाळा केलेल्या दोन बगलांत वाळू तुटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत आणि ओल्या बोटानं जागा सावरली. कास्टिंग साफ झाल्यावर व्हर्निअर लावला, बाहेरचा व्यास १५४.१. मेहुण्यानं आता भोक मारून घेतलंय, रिम टर्न व्हायची आहे.

पुढचं काम बेअरिंगच्या ब्रॅकेटचं आहे. त्यात कोअर आहे, म्हणजे कोअर बॉक्सही काढायला लागणार. पोकळी आधी काढून तिच्यावरून बॉक्स करायचा की बॉक्स वेगळ्या फाइलमध्ये, यावर अजून ठरत नाही. कुणी केलं असेल तर सांगा.

आणि छापील पॅटर्न उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. छपाईचं प्लास्टिक, पीएलए, साधारण ६० अंशाला मऊ पडतं. उलट्या ड्राफ्टचा तो अर्धा मी आठवण म्हणून टेबलावर ठेवला होता. हिनं तीन आऱ्यांची तिवई म्हणून त्यावर चहाचं पातेलं ठेवलं. आता तो अर्धा कुठल्याही बाजूनं वाळूतून निघायचा नाही.