क्रशरची चुरी आणि बाबांचा गोठा

दारव्ह्याकडच्या आमच्या वावराच्या धुऱ्याला लागूनच गिट्टीचा क्रशर आहे. हिवाळ्यात वारा सुटला की तुरीच्या फुलांवर राखाडी भुकटी बसते. ही भुकटी, म्हणजे क्रशरची चुरी, थोड्या सिमेंटच्या जागी चालेल का, हा किडा डिप्लोमा झाल्यापासून डोक्यात होता. गोठ्याचा कोबा करायचा निघाला, तेव्हा मिस्त्रीकाकांना बोललो. ते हसले, "भाऊ, चुरी त आमी कधीचीच टाकतो, फक्त सांगत नाई."

ते टाकतात ती रेतीच्या जागी. मला हवी होती सिमेंटइतकी बारीक. आईची मैद्याची चाळणी कुचकामी ठरली. शेवटी ओळखीच्या लॅबमधून ९० मायक्रॉनची चाळणी आणली. वाळवलेली चुरी अख्खी दुपार चाळली, तेव्हा कुठे अर्धी बादली पडली. नाकपुड्या काळ्या झाल्या. तोंडाला दुपट्टा बांधलाच पाहिजे.

सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवतात. कोळशाचा धूर वेगळाच, खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. चुरी मात्र आयती दळलेली. पण चुरीतला काळा दगड सिमेंटसारखा चिकटत नाही, तो मुख्यतः कणांमधल्या फटी भरतो. म्हणून थोडी चालते, जास्त झाली की काँक्रीट कमजोर पडतं.

एक घोळ सुरुवातीलाच झाला असता. गावच्या दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. त्यात १५ ते ३५ टक्के राख आधीच असते. त्यात आणखी चुरी म्हणजे पातळ ताकात पाणी. मी यवतमाळहून ओपीसी, म्हणजे बिनराखेचं साधं सिमेंट आणलं.

१०, २० आणि ३० टक्के सिमेंटच्या जागी चुरी घालून काँक्रीटचे क्यूब, म्हणजे तपासणीचे ठोकळे पाडले, शिवाय बिनचुरीचे साधे. बारीक भुकटी पाणी पिते, माल घट्ट होतो. काकांचा हात सारखा पाण्याच्या डब्याकडे. जास्त पाण्यानंही काँक्रीट कमजोर पडतं, म्हणून मी डबाच उचलून नेला, ते दिवसभर फुगून बसले. २८ दिवसांनी क्यूब फुटेपर्यंत दाबून पाहिले. १० टक्केवाला साध्याच्या जवळपास टिकला, ३० टक्केवाला लवकरच फुटला.

गोठ्याला १० टक्केच वापरले. स्लॅबला मी अजून हात लावणार नाही.

दोन क्यूब ९० दिवसांसाठी टाक्यात बुडवून ठेवले होते. परवा पाहतो तर एकच. दुसरा बाबांनी कुटाराच्या ताडपत्रीवर ठेवलाय. म्हणे, "आठ किलोचा हाये, वाऱ्यानं हालत नाई."