गांगजिन: मातीत माती भरणारं गाव

सोलहून गांगजिनला बसने साडेचार तास लागतात. देशाच्या पार दक्षिण टोकाला, खाडीकाठी. कोरियाच्या मध्ययुगीन गोर्यो राजवटीत दरबाराची उंची सेलाडॉन, म्हणजे निळसर हिरव्या झिलईची, भांडी इथल्या भट्ट्यांतून जात. आता तिथे संग्रहालय आहे आणि आवारात जुन्या भट्टीचे अवशेष. पण मी रमलो शेजारच्या कार्यशाळेत.

कारागिरापुढे अर्धवट सुकलेली फुलदाणी होती. नख दाबलं तर खूण उठेल इतपत ओली. त्याने बारीक कोरणीने उडता क्रौंच कोरला आणि मग त्यावर पांढऱ्या मातीचा जाड लेप थापून टाकला. एवढी नाजूक नक्षी पार चिखलात! लेप सुकल्यावर मात्र पातळ पात्याने त्याने तो हलकेच खरवडायला घेतला आणि क्रौंच परत वर आला, आता पांढराशुभ्र. मग पाय, चोच आणि डोळा वेगळे कोरून त्यात लालसर, लोहयुक्त माती भरली. हीच माती भट्टीत काळी होते. म्हणजे नक्षीत रंग असा कुठेच नाही, मातीत मातीच भरलेली. बिदरीकाम पाहिलेल्यांना ही रीत चटकन कळेल.

पुढे साधारण 800 अंशांवर पहिली भाजणी, मग झिलई, मग 1200 च्या वर दुसरी. भट्टीतली हवा कोंडली की झिलईतलं किंचितसं लोह ती निळसर हिरवी छटा देतं. हवेचा अंदाज चुकला तर भांडं पिवळट निघतं.

हिरवी झिलई कोरियन कुंभार चीनकडून शिकले. 1123 साली आलेला चिनी दूत शू जिंग या रंगाची तोंडभरून तारीफ करतो, पण कोरून माती भरलेल्या नक्षीबद्दल अवाक्षर काढत नाही. त्याच शतकात पुढे ही नक्षी बहरली. गुरूची विद्या घेऊन तिला स्वतःचं वळण द्यावं, ते असं.

माल राजधानीला जायचा समुद्रमार्गे, आणि कधीकधी बुडायचाही. 2007 साली कोरियाच्या पश्चिमेला तेआनच्या किनाऱ्याजवळ एका कोळ्याच्या हाती लागलेल्या लहानशा ऑक्टोपसने सेलाडॉनची थाळी कवटाळलेली होती! तिथे शोध घेतल्यावर गांगजिनहून निघालेलं जहाज सापडलं, वीस हजारांहून जास्त भांड्यांसकट.

चौदाव्या शतकात जपानी चाच्यांनी किनारा हैराण केला, कुंभार पांगले आणि त्यातून बुंचॉंग आलं: राखाडी अंगाची, पांढऱ्या लेपाची, जरा ओबडधोबड भांडी. कुणी त्याला उतरती कळा म्हणो, मला ते जास्त आवडतं. त्यावरचे मासे तर चक्क मिश्कील दिसतात. गांगजिनच्या दुकानात सेलाडॉनच्या किमती पाहून मी मुकाट्याने एक चहाचा पेला घेतला. बुंचॉंगची खरेदी सोलसाठी राखून ठेवली.