वस्तरा चमकला, पण धार कुठाय?

चोरबाजारात शुक्रवारी पहाटे एका चादरीवर, गंजकी कुलपं आणि तुटके चष्मे यांच्यामध्ये तो पडला होता. शेपटीवर 'सोलिंगन' (पात्यांसाठी नावाजलेलं जर्मनीतलं गाव) एवढंच वाचता येत होतं, बाकीचं गंजाने खाल्लेलं. सातशे सांगितले, चारशेला दिला. घेताना एक अक्कल मात्र दाखवली : पातं उजेडात धरून ऐन धारेवर खड्डे आहेत का ते पाहिलं. अंगावरचा गंज घासून निघतो. धारेतच मुरलेला असेल तर तिथवरचं पोलाद घासून काढावं लागतं.

पुढचे दोन रविवार मी चमक आणण्यात घालवले, आणि तीच चूक झाली. नागदेवी स्ट्रीटवरून 400 पासून 2000 नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर आणले (नंबर जितका मोठा, तितकी घासणी बारीक), बुचाला गुंडाळून मोरीच्या कट्ट्यावर घासत बसलो. दुकानदार म्हणाला होता, मशीनवर दोन मिनिटांत करून देतो. नको म्हटलं. इतकं पातळ पातं चाकावर बघता बघता तापतं, आणि निळं पडलं की त्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंच. मूठ प्लास्टिकची असावी असं वाटलं होतं, पण घासताना केस जळल्यासारखा वास सुटला. शिंगाची निघाली!

मग 1000, 4000 आणि 8000 नंबरचे पाण्यावर चालणारे दगड मागवले. 1000 वर वीस मिनिटं, मग घाईघाईने पुढे. पातं आरशासारखं झालं आणि दाढीला लावलं तर केस उपटायला लागलं. बिनपाण्याने करणं म्हणजे काय ते पाणी लावूनही कळलं.

परळला आमचे जुने सलूनवाले काका आहेत. आता तेही अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा वापरतात, पण ड्रॉवरमध्ये निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, अजून आहे. माझं पातं दिव्याखाली फिरवून म्हणाले, "अरे, शेंडा दगडाला लागलाच नाहीये. पॉलिश कसलं करत बसलास?"

घरी येऊन धारेला काळा मार्कर फासला आणि दगडावर दोनदा ओढलं. मुठीकडची शाई गेली, शेंड्याकडची जशीच्या तशी. धार सरळ नव्हतीच, होडीच्या तळासारखी किंचित गोल होती, आणि मी सरळ ढकलत होतो. काकांनी दाखवलेली पद्धत अशी : पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकलेल्या, धार पुढे. सुरुवात मुठीकडून, सरकता सरकता शेंड्यावर शेवट, मनगट अगदी नावाला उचलायचं. कोन हाताने धरायचा नाही, तो पाठीच्या जाडीनेच ठरतो. जोर तर नकोच.

1000 वर दोन संध्याकाळी गेल्या. हातावरचे केस कातडीलगत, आख्ख्या धारेने, सहज उडेपर्यंत तिथून हललो नाही. (ऑफिसात मनगटावरचं टक्कल लपवायला महिनाभर फुल शर्ट.) पुढच्या दोन दगडांना मिळून अर्धा तास पुरला. ते ओरखडे बारीक करतात, नसलेली धार आणत नाहीत.

शेवटी चामड्याचा पट्टा. इथे उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पातं पाठीवरून पलटायचं. पहिल्याच दिवशी मी धारेवरून पलटलं, पट्ट्याला चीर गेली आणि पुन्हा 8000 वर जावं लागलं. आता दाढीआधी पन्नास फेऱ्या मारतो.

गाल छान होतात. हनुवटीसाठी अजून रोजचाच रेझर. ऑगस्टात एकदा वस्तरा नुसता पुसून बाथरूममध्ये ठेवला, तर सकाळी शेंड्याजवळ नारिंगी ठिपका. तेव्हापासून तो बेडरूमच्या कपाटात असतो, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून. बायकोने त्या खणावर 'हात लावू नये' असं लिहून चिकटवलंय, मुलासाठी की माझ्यासाठी ते विचारलेलं नाही.