आमची वाटचाल : पंक्चरच्या टपरीपासून हवेच्या वहीपर्यंत

कराडला हायवेच्या कडेला आमचं टायरचं दुकान आहे. वडलांनी पंक्चरची टपरी टाकली, मग मी अलाइनमेंट (चाकांचा कोन सरळ लावणं) आणि बॅलन्सिंगच्या (चाकाचं वजन सगळीकडं सारखं करणं) मशिनी आणल्या, लोन काढलं, फेडलं, हे सगळ्यांच्याच धंद्यात होतं. पण आमच्याकडं गिऱ्हाईक टिकलं ते हवेच्या वहीमुळं, म्हणजे गाड्यांच्या टायरची हवा आणि झीज आम्ही जिच्यात लिहून ठेवतो त्या वहीमुळं, म्हणून तिच्याबद्दलच लिहितोय.

भाजीच्या पिकअपवाले यायचे ते टायर लवकर गेला म्हणून कंपनीच्या नावानं बोंबलतच, आणि टायर फिरवून बघितला की कारण समोरच दिसायचं. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधे नक्षी शिल्लक आहे म्हणजे हवा कमी, नुसता मधला पट्टा गुळगुळीत म्हणजे हवा जास्त, आणि एकच कड खाल्ली असेल तर आधी अलाइनमेंट बघा. पण एवढं डोळ्याला दिसेपर्यंत निम्मा टायर गेलेला असतो ना! म्हणून आम्ही गेजनं नक्षीची खोली आत, मधे, बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून वहीत लिहायला लागलो, शेजारी किलोमीटर आणि हवा किती होती ते. तिन्ही आकडे बरोबरीनं उतरतायत म्हणजे त्या गाडीला ती हवा मानवली. मधला आकडा भराभर उतरला तर हवा एक-दोन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) कमी करून बघायची, कडांचे उतरले तर वाढवायची, पण सुरुवात कायम ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर गाडीच्या कंपनीनं दिलेल्या हवेच्या आकड्यावरनं, आणि त्यापासून फार लांब जायचं नाही. टायरवर छापलेला मॅक्सचा, म्हणजे जास्तीत जास्त हवेचा आकडा ती टायरची मर्यादा असते, बरेच जण तेवढीच भरून मागतात, आम्ही भरत नाही.

पिकअपचा प्रश्न मात्र खरंच अवघड आहे. रात्री माल भरून वाशी मार्केटला जाते आणि रिकामी परत येते, मग मागच्या टायरला हवा कुठल्या वजनाची ठेवायची? आमचं मत ठाम आहे, भरल्या गाडीचीच. रिकाम्या फेरीत मधला पट्टा थोडा जास्त झिजतो, ते कबूल, पण टायर पुढं-मागं बदलत राहिलं की बरंच सावरतं, कमी हवेवर लोड ओढला तर टायर आतनं तापतो आणि फुटतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवा म्हणणारे अजून येतात, त्यांनाही हेच सांगावं लागतं, की हवा कमी म्हणजे टायर जास्त दबणार, जास्त दबला की जास्त तापणार.

वही बघून ऊसवाले ट्रक यायला लागले. त्यांच्या मागच्या जोडटायरात आतल्याची हवा कुणी बघतच नाही, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणून, आणि आतला बसला की सगळा भार बाहेरच्यावर. आम्ही व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन, म्हणजे बाहेरपर्यंत येणारी जोडनळी लावून देतो. वडलांना वाटायचं अशानं टायर कमी खपतील, एका गाडीमागं खपतात पण कमी, पण तोच मालक बाकीच्या गाड्या घेऊन येतो.

हवा चेक करायचे आणि वहीत नोंद करायचे पैसे आम्ही घेत नाही. फक्त सकाळी गार टायरवर या. लांबनं पळवत आणलेल्या गाडीत टायर तापल्यामुळं हवा तीन-चार पीएसआयनं सहज जास्त दिसते, गार झाला की ती परत उतरते, आणि ती काढून टाका म्हणाल तर आम्ही काढणार नाही.