मेसमधलं जागरण

ब्राझीलच्या तुबारावला लोहखनिज भरून चीनच्या चिंगदावकडे निघालं की दीड महिना जहाज कुठे टेकत नाही. मधे कुणाच्या घरी काही झालं तरी उतरण्याची सोय नाही. आम्ही हिंदी महासागरात असताना आमच्या एका एबीची, म्हणजे डेकवरच्या अनुभवी खलाशाची, आई गेली, तिकडे फिलिपिन्समधल्या इलोइलोला. मी चीफ ऑफिसर, हा पोरगा पहाटेच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, माझ्याच सोबत असायचा. त्याला वॉचवरून मोकळं केलं, पण केबिनमध्ये जायला तो तयार होईना.

दुपारी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आला. "चीफ सर, आज रात्री मेसमध्ये बसू द्या. पत्ते खेळायचेत. पैसे लावून."

जहाजावर जुगार बंद. पण बारा वर्षं फिलिपिनो क्रूबरोबर काढल्यावर 'लामाय' काय असतं ते मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे मयत टिकवून घरातच ठेवतात, परदेशातलं पोर येईपर्यंत कधी आठवडा, कधी जास्तही. रात्रभर गाव येऊन बसतं आणि झोप लागू नये म्हणून पत्ते पडतात. प्रत्येक डावातला थोडा हिस्सा घरच्यांसाठी बाजूला निघतो, त्याला 'तोंग' म्हणतात. एरवी असा जुगार बेकायदा, पण मयताच्या घरी पोलीसही सहसा कानाडोळा करतात. शिवाय फिलिपिनो खलाशाच्या मूळ पगारातला किमान 80 टक्के भाग नियमानेच दर महिन्याला घरी जातो. हातात उरतं काय? अंत्यविधीचा खर्च मात्र दारात उभा.

मी अटी घातल्या: दारू नाही, ज्यांचा वॉच आहे त्यांनी खेळायचं नाही, बाराला सगळं बंद. कॅप्टनना सांगितलं, तर ते म्हणाले, "मी काही ऐकलेलं नाही."

रात्री खाली गेलो. केचपच्या बाटलीला टेकवून आईचा फोटो ठेवलेला. उघडी ज्योत चालत नाही, म्हणून पुढे बॅटरीची मेणबत्ती. कुकने आलं घालून कोंबडीची पातळ खिमट केली होती, वर तळलेला लसूण. लामायला कलिंगडाच्या बिया सोलत बसायची पद्धत, त्या कुठून आणणार? शेंगदाण्यांवर भागवलं. मधे स्टीलचा वाडगा. तिघातिघांचे टोंगइट्सचे डाव चालले होते, आमच्या रमीचाच भाऊबंद. जिंकणारा वाडग्यात एक-दोन डॉलर टाकी आणि हरणारा शिव्या देई. एबी मधोमध बसून चक्क हसत होता, मग फोन उचलून तिकडच्या शवपेटीकडे बघायचा, परत कुणीतरी त्याच्यापुढे वाटी सरकवायचं.

सगळीकडे शेंगदाण्याची टरफलं. मेसमनला झाडू आण म्हणालो तर तो घाबरून बोसनकडे बघायला लागला. मयत घरात असताना झाडायचं नसतं. घर इलोइलोला, पण हा नियम मेसलाही लागू झाला होता. माझं शनिवारचं इन्स्पेक्शन पुढे ढकललं. उठलो तेव्हा एरवी खाडकन उभी राहणारी ही माणसं जागची हलली नाहीत. जाणाऱ्याला पोचवायचं नाही, आभार मानायचे नाहीत, हेही त्यातलंच. वाडग्यातले पैसे बोसनने वहीत लिहून कॅप्टनच्या कॅशमध्ये जमा केले, ऑफिसने ते घरी पाठवले.

पहाटे चारला ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, गेलो तर सेकंड ऑफिसर, आमचा मालवणचा पोरगा, वैतागलेला.

"सर, बारा वाजल्यापासून एकेक जण वर येतोय. कॉफी पितो, पाच मिनिटं उभा राहतो, जातो. सात जण झाले. कॉफी संपली."

मी सांगितलं, मयताच्या घरून सरळ आपल्या घरी जायचं नसतं. मधे कुठेतरी थांबायचं, म्हणजे मागे लागलेला आत्मा तिथेच राहतो. रात्री डेकवर जायला बंदी, मग उरतो ब्रिजच.

"म्हणजे सातही जण इथे सोडून गेले?"

त्याने चार्ट टेबलावरची टोपी उचलली, वॉच माझ्या हवाली केला आणि केबिनकडे जाण्याऐवजी गॅलीच्या, जहाजाच्या स्वयंपाकघराच्या, दिशेने निघाला.