सोमवारची भांडी आणि शब्बाथ

शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, बहुतेक ख्रिस्ती लोकांसाठी रविवार. त्याच्या आज्ञेवरचं चर्चमधलं प्रवचन बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबतं: मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवू नका, मोबाइल बाजूला ठेवा, घरच्यांबरोबर बसा. यात चूक काहीच नाही. फक्त आज्ञेचा अर्धा मजकूर वाचायचा राहून जातो.

दहा आज्ञांपैकी कॅथलिक मोजणीत ही तिसरी आज्ञा, बहुतेक प्रॉटेस्टंट मोजणीत चौथी. मजकूर तोच, बायबलच्या निर्गम या पुस्तकातला, २०:८ ते ११. 'कोणतंही काम करू नको' म्हटल्यावर लगेच माणसांची यादी येते: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं, आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा. म्हणजे आज्ञा सांगितली आहे ती ज्याच्या हाताखाली माणसं राबतात त्याला. दमलेल्या माणसाला 'जरा बस' हे सांगायला सीनाय पर्वतावरून गडगडाट व्हायची गरज नव्हती. तो बसायला एका पायावर तयार असतो. त्याला बसू देणारा मात्र सहसा तयार नसतो.

हीच आज्ञा बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, ५ व्या अध्यायात पुन्हा येते, पण कारण बदलून. निर्गमात कारण सृष्टीचं: देवाने सहा दिवसांत सगळं केलं आणि सातव्या दिवशी विसावला. अनुवादात कारण इतिहासाचं: तू मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होतास, हे विसरू नको. आता त्या दास्याचा एक प्रसंग बघा, निर्गम ५ मधला. लोकांनी सुट्टी मागितली, तर फारोने, म्हणजे मिसरच्या राजाने, विटांसाठी मिळणारा पेंढा बंद केला. पेंढा आता तुम्हीच गोळा करा, विटा मात्र रोज पहिल्याइतक्याच पडल्या पाहिजेत. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याच स्वयंपाकघरात सापडणार आहे.

निर्गम २३:१२ मध्ये सातव्या दिवसाचा उद्देश सांगितला आहे: बैलाला, गाढवाला विसावा मिळावा, आणि दासीच्या मुलाने व उपऱ्याने... इथे हिब्रूत जे क्रियापद आहे त्याचं मूळ 'नेफेश' या शब्दाशी जोडलेलं. जीव, श्वास, घसा असे त्या शब्दाचे अर्थ. मराठीत आपण 'दम खाणं' म्हणतो, ते याच्या अगदी जवळचं. अख्ख्या हिब्रू बायबलात हे क्रियापद फक्त तीनदा येतं. एकदा पळून दमलेल्या दावीद राजासाठी, एकदा या दासीच्या मुलासाठी आणि एकदा, निर्गम ३१:१७ मध्ये, खुद्द देवासाठी. सृष्टी करून देवाने दम खाल्ला आणि मोलकरणीच्या पोराने दम खाल्ला, दोन्हीकडे शब्द एकच. 'मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा' यावर मोठाले ग्रंथ आहेत, पण याहून नेमका पुरावा मला तरी दुसरा दिसत नाही.

आता घरात येऊ. भांडी-लादीला येणाऱ्या मावशींना आठवड्याची सुट्टी द्यायची ठरली, तर ती कुठे फसते? बहुतेक वेळा सिंकमध्ये. रविवारी मावशी येत नाहीत, म्हणून रविवारची सगळी भांडी, मटणाच्या तेलकट पातेल्यासकट, सोमवार सकाळपर्यंत साचून राहतात. सोमवारी त्या दोन दिवसांचं काम एका दिवसाच्या वेळेत करतात. पुढचं घर उशिरा होतं, तिथली बोलणी बसतात. ही सुट्टी नव्हे, उसनवारी. पेंढा बंद, विटा तेवढ्याच. तेव्हा पहिला नियम: सुट्टीच्या दिवसाची भांडी घरच्यांनी त्याच रात्री घासायची.

दुसरी चूक पैशाची. समजा भांड्यांचे महिना ३,००० रुपये ठरलेत. दिवसाला १०० पडतात, म्हणून चार रविवारांचे ४०० कापले, तर आपण सुट्टी दिली नाही, एक दिवसाचं काम काढून घेतलं. मिसरमधून सुटलेल्या लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळत होता तेव्हा रोज माणशी एक ओमर (एक माप) वेचायचा, सहाव्या दिवशी दोन, आणि सातव्या दिवशी काहीच नाही. पण सातव्या दिवसाचं जेवण कुणाचं कापलं गेलं नाही. एरवी सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यात किडे पडायचे, त्या एका रात्री पडले नाहीत (निर्गम १६). सुट्टी भरपगारीच असते, हे तिथेच ठरून गेलं.

तिसरी गोष्ट, दिवस त्यांना विचारून ठरवा. मावशी पाच घरं करत असतील आणि एकाच घराने रविवार सोडला, तर त्या उरलेल्या चार घरांसाठी बाहेर पडणारच. आपल्याला समाधान, त्यांना फार तर अर्धा तास. त्याच मजल्यावरच्या, त्याच इमारतीतल्या बाकीच्या घरांशी बोलून सगळ्यांनी एकच दिवस धरला तरच तो दिवस त्यांच्या हातात येतो. आणि 'पाहुणे येणार आहेत, या रविवारी याच' असं झालं, तर बदली दिवस त्याच आठवड्यात, तारीख आधी सांगून. 'बघू नंतर' ही तारीख नव्हे. कायद्याची वाट बघण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे, पण साप्ताहिक सुट्टीची सक्ती त्यात नाही.

मघाच्या आज्ञेतल्या यादीत एक माणूस नाही, ते लक्षात आलं का? बायको. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, सगळे आहेत. अभ्यासकांचं सर्वसाधारण उत्तर असं की 'तू' या शब्दातच घरधनी आणि घरधनीण दोघंही धरलेत. उत्तर पटण्यासारखं आहे. पण आपल्या घरांत ते चुकीच्या बाजूने खरं झालंय: यादीत नाही म्हणून तिला सुट्टीही नाही. सकाळच्या मिस्साहून आल्यावर वाटण, मटण, वडे किंवा भात, दुपारी येणारी नणंद, संध्याकाळी पुन्हा चहा. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस रविवार. यावर मान्न्याचाच उपाय चालतो, तयारी सहाव्या दिवशी दुप्पट. शनिवारी संध्याकाळी वाटण करून फ्रिजमध्ये, मटण आणून मीठ-हळद लावून ठेवलेलं, कांदे चिरून डब्यात, मुलांचे सोमवारचे युनिफॉर्म इस्त्री केलेले. पण ही दुप्पट तयारी तिनेच एकटीने केली तर ओझं रविवारवरून शनिवारवर सरकलं, एवढंच. दोन ओमर घरातल्या प्रत्येकाने वेचायचे होते, एकीने सगळ्यांसाठी नव्हे.

सोसायटीच्या वॉचमनचं गणित याहून सोपं आहे, तरी कुणी करत नाही. बारा तासांच्या दोन पाळ्या, एक दिवसाचा माणूस, एक रात्रीचा, दोघंही सातही दिवस. दोघांना एकेक सुट्टी द्यायची तर आठवड्यात दोन पाळ्या भरणारा माणूस हवा. दोन पाळ्यांसाठी कोण येणार? म्हणून विषय तिथेच संपतो. पण शेजारच्या तीन सोसायट्या एकत्र आल्या तर सहा पाळ्या होतात, म्हणजे बरोबर एका माणसाचा आठवडा. सोमवार, मंगळवार, बुधवार त्याला तिन्ही ठिकाणच्या दिवसपाळ्या द्या. गुरुवार, शुक्रवार, शनिवार रात्रपाळ्या. बुधवारी रात्री ८ ला सुटून तो गुरुवारी रात्री ८ ला लागतो, मधे २४ तास. रविवारी सकाळी ८ ला सुटतो, सोमवारी सकाळी ८ ला पुन्हा लागतो, परत २४ तास. त्याचा पगार १५,००० धरला तर एका सोसायटीच्या वाट्याला ५,००० येतात. ५० फ्लॅट असतील तर घरटी महिना १०० रुपये. बैठकीत हा आकडा आधी सांगावा, बायबल नंतर.

या वेळापत्रकात एक उणीव आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. बदली माणूस आणि शनिवारची रात्र सुटलेला वॉचमन सोडला तर रविवार कुणालाच मिळत नाही. सुट्टी मिळाली, पण मुलांच्या शाळेच्या सुट्टीबरोबर जुळली नाही. सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये पाच दिवसांचा फिरता आठवडा आणला तेव्हा हेच झालं होतं: नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या. १९४० मध्ये रविवार परत आणावा लागला. तेव्हा महिन्यातून एकदा तरी पाळ्यांची अदलाबदल करून रविवार प्रत्येकाच्या वाट्याला येईल असं बघा.

उरला दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणारा मुलगा. इथे यहूदाचा सुभेदार नहेम्या याच्या पुस्तकाचा १३ वा अध्याय वाचावा. यरुशलेमेत शब्बाथाच्या दिवशी सोर या बंदराच्या शहरातले व्यापारी मासे विकत होते. नहेम्या आधी कुणावर चिडला? मासेवाल्यांवर नाही, यहूदाच्या सरदारांवर, म्हणजे हा बाजार चालू देणाऱ्या प्रतिष्ठितांवर. कॅथलिक धर्मशिक्षणातला २१८७ वा परिच्छेदही हेच सांगतो: दुसऱ्याचा रविवार मोडेल अशी विनाकारण मागणी करू नका. शनिवारी आणता आलं असतं ते रविवारी मागवायचं नाही, एवढी रेघ पुरे. औषध त्यात येत नाही.

पण यावरचा आक्षेप खरा आहे. त्या मुलाला ऑर्डरमागे पैसे मिळतात. आपण मागवलं नाही तर त्याला सुट्टी नाही मिळत, फक्त कमाई कमी होते. नहेम्याला हे कळलं होतं, म्हणून तो सरदारांना उपदेश करून थांबला नाही. त्याने शहराच्या वेशी बंद करून पहारा बसवला. सगळ्यांचं दुकान एकदम बंद झालं की कुणा एकाचं नुकसान होत नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी हेच केलं. लोखंडे सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. रविवारची मागणी १८८४ पासून लावून धरली आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवारची सुट्टी मिशनऱ्यांनी दिली, असं आपल्याकडे काही जण अभिमानाने आणि काही जण रागाने सांगतात. गिरणीपुरतं तरी ते खरं नाही. मुंबईच्या कामगारांसाठी वेशी बंद करणारा माणूस चर्चबाहेरचा होता. आज त्या डिलिव्हरीच्या मुलासाठी तसं कुणी केलेलं नाही: २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याच्यासारख्यांसाठी गिग कामगार ही व्याख्या आली, भरपगारी साप्ताहिक सुट्टी आली नाही.

आणि नर्स, ड्रायव्हर, पंपावरचे लोक? प्रेस्बिटेरियन चर्चच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात गरजेची कामं आणि दयेची कामं अशी सवलत पूर्वीपासून आहे. त्याआधी लूक १३ आहे: अठरा वर्षं वाकलेल्या बाईला येशूने शब्बाथ दिवशी सरळ केलं आणि विचारलं, बैलाला पाण्यावर नेण्यासाठी तुम्ही आज सोडता की नाही? रविवारी ड्युटी असलेल्या कॅथलिक नर्सने त्याबद्दल कुढायचं कारण नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या कलम (कॅनन) १२४८ प्रमाणे शनिवार संध्याकाळचा मिस्सा रविवारचाच धरला जातो. पॅरिशने, म्हणजे स्थानिक चर्चने, एवढंच करावं: तो मिस्सा दुपारची पाळी सुटल्यावर गाठता येईल अशा वेळी ठेवावा, आणि वेळ सूचनाफलकाबरोबर हॉस्पिटलच्या गेटवरही लावावी.