शब्द सुचेनात, तेव्हा लॅबिरिंथ चालले

पप्पा गेले आणि माझी प्रार्थना बंद पडली. विश्वास उडाला नव्हता, रविवारची उपासनाही चुकत नव्हती. पण डोळे मिटले की शब्दच येत नसत. अहिल्यानगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना म्हणजे बोलणं. घरातलं कुणीही उभं राहून मनातून सहज प्रार्थना करतं. माझी ही अवस्था ऐकून इथे अमेरिकेतल्या माझ्या चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या, "बोलायला नको, नुसती चालून ये." त्यांनी मला सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कथीड्रलला पाठवलं.

लॅबिरिंथ म्हणजे चालत प्रार्थना करण्यासाठी जमिनीवर आखलेली वळणावळणाची गोल वाट. तिथे असे दोन लॅबिरिंथ आहेत, एक आतल्या फरशीत आणि एक बाहेर उघड्यावर. दोन्ही फ्रान्समधल्या शार्त्र कथीड्रलच्या तेराव्या शतकातल्या लॅबिरिंथवरून केलेले. मूळ वर्तुळाचा व्यास जेमतेम 13 मीटर, पण 11 वेढ्यांत दुमडलेली वाट अडीचशे मीटरहून लांब. ग्रेसच्या रेव्हरंड लॉरेन आर्ट्रेस यांनी 1991 मध्ये तो कापडावर रंगवून आणला आणि तिथून ही प्रार्थना पुन्हा लोकांपर्यंत पोचली.

हे आपल्या विश्वासात बसतं का, अशी धाकधूक होतीच. ग्रीक कथेतल्या लॅबिरिंथमध्ये तर राक्षस बसलेला. पण अल्जीरियातल्या 324 सालच्या एका चर्चच्या फरशीवरही लॅबिरिंथ होता आणि त्याच्या मध्यभागी राक्षस नव्हता, 'पवित्र मंडळी' अशी लॅटिन अक्षरं होती. हे कळल्यावर माझं मन निवळलं.

ही भूलभुलैया नव्हे. वाट एकच, फसवे फाटे नाहीत, चुकण्याची भीती नाही. आत जाताना मनातलं सोडत जायचं, मध्यभागी थांबायचं, आणि आलेल्याच वाटेने परत निघायचं. चपला काढायची सक्ती नव्हती, मी काढल्या. दगड गार होता.

सुरुवातीला वाटलं, किती लवकर पोचतोय आपण! काही वळणांतच वाट मध्याला अगदी खेटून जाते. हात लांबवला तर लागेल इतकं ते जवळ, आणि तिथूनच ती वळते आणि तुम्हाला हळूहळू बाहेर ढकलत नेते. मला खरोखर राग आला. पप्पांच्या दवाखान्यातले दिवस आठवले; आज बरं, उद्या पुन्हा आयसीयू. तो राग मी तिथेच चालत चालत देवाला सांगितला, मनातल्या मनात, आणि सांगताना लक्षात आलं की ही प्रार्थनाच चालली आहे.

वाट अरुंद आहे. वळणावर पाऊल टाचेवर फिरवावं लागतं, नजर खाली ठेवावी लागते. समोरून एक आजोबा परतत होते. एकमेकांना वाट देताना दोघंही रेषेवर सरकलो, त्यांनी मान हलवली, बस्स.

सगळ्यात बाहेरच्या कडेला आले, तेव्हा मध्य आता खूप दूर असणार असं धरून चालले होते. पण या नक्षीत ती कड जवळजवळ शेवटी येते. दोन छोट्या वळणांनंतर मी आत होते. मध्यभागी सहा पाकळ्या असतात. त्यातल्या एकीत उभी राहून प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणायला लागले. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, या ओळीशी अडकले. पुढे गेले नाही, जबरदस्तीही केली नाही. उरलेली प्रार्थना परतीच्या वाटेवर पूर्ण झाली.

आता जमेल तेव्हा जाते, आणि दर वेळी काही घडतंच असं नाही. आईचे गुडघे धरलेत, म्हणून तिला तीच नक्षी कागदावर छापून पाठवली. तिच्यावर बोट फिरवतही लॅबिरिंथ चालता येतो. तुम्ही छापणार असाल तर मोठ्या कागदावर छापा. ए-फोरवर वाट इतकी बारीक येते की बोट दोन वेढ्यांवर पडतं.